बघ्यांकडे बघणारा छायाचित्रकार : यासुई नाकाजी (१९०३–१९४२)

चंदेरी क्षार (धागाकर्ता)

१९२५ सालच्या एका जपानी छायाचित्राचे शीर्षक ‘माकडाच्या खेळाचे चित्र’ असे आहे. शीर्षक वाचून आपण साहजिकच माकड आणि माकडवाला शोधू लागतो. पण नजर जाऊन ठरते ती खेळ पाहायला गोळा झालेल्या बघ्यांवर. खेळ हे गर्दी जमण्याचे निमित्त आणि गर्दीचे चेहरे हा चित्राचा खरा विषय, अशी उलटापालट करणारा छायाचित्रकार तेव्हा जेमतेम एकवीस वर्षांचा होता. त्याचे नाव यासुई नाकाजी (जपानी रीतीप्रमाणे आडनाव आधी). पुढच्या सतरा वर्षांत त्याने तंत्र, विषय आणि शैली इतक्या वेळा बदलल्या की त्याची चार चित्रे शेजारी ठेवली तर ती चार निरनिराळ्या माणसांची वाटावीत; तरीही बघणाऱ्या माणसाकडे बघण्याची ही खोड त्याने शेवटपर्यंत सोडली नाही, असे माझे मत आहे आणि त्यासाठीच हा धागा काढला आहे.

यासुईचा जन्म डिसेंबर १९०३ मध्ये ओसाका येथे झाला. घरचा व्यवसाय विलायती पद्धतीच्या कागदाचा होता आणि दुकान बऱ्यापैकी चालणारे होते. ओसाका हे पूर्वापार व्यापाऱ्यांचे शहर. दिवसा पेढीवर बसायचे आणि संध्याकाळी गाणे, नाट्यपठण किंवा चहाचा विधी शिकायला गुरूकडे जायचे, ही तिथल्या सुखवस्तू व्यापाऱ्यांची जुनी रीत होती. विसाव्या शतकाच्या आरंभी या छंदांमध्ये कॅमेऱ्याची भर पडली. १९२३ च्या भूकंपाने तोक्यो उद्ध्वस्त झाले आणि १९२५ मध्ये आसपासची गावे पोटात घेऊन ओसाकाची लोकसंख्या वीस लाखांच्या वर गेली, तेव्हा काही वर्षे हेच जपानचे सर्वांत मोठे शहर होते. सूतगिरण्यांच्या धुराड्यांवर हा सगळा डोलारा उभा होता, आणि त्या गिरण्यांना लागणाऱ्या कापसाचा मोठा वाटा मुंबई बंदरातून जात असे. १८९३ मध्ये जमशेटजी टाटांच्या सहकार्याने सुरू झालेली जपानी कंपनीची मुंबई–कोबे जहाजसेवा मुख्यतः त्याच कापसासाठी होती.

पंधरावीस वर्षांच्या मुलांच्या हाती कॅमेरा आला तो अशा भरभराटीत. त्या काळी जपानमध्ये सर्वांत लाडका कॅमेरा म्हणजे खिशात मावणारा ‘व्हेस्ट पॉकेट कोडॅक’. त्याच्या साध्या भिंगापुढचे प्रकाश आवरणारे कडे (हूड) काढून टाकले की प्रतिमेला धुक्यासारखा मऊपणा येतो, हे हौशी मंडळींनी शोधून काढले आणि त्या युक्तीचा एक संप्रदायच तयार झाला. १९०४ मध्ये स्थापन झालेला ओसाकाचा ‘नानिवा छायाचित्र क्लब’ हा या हौशी मंडळींचा बालेकिल्ला होता. यासुई १९२२ मध्ये त्याचा सभासद झाला. क्लबमध्ये तेव्हा ‘कलात्मक छायाचित्रणा’चे राज्य होते : छायाचित्र हे चित्रासारखे दिसले पाहिजे, त्यात धूसर निसर्ग असावा, कातरवेळ असावी, एखादी पाठमोरी आकृती असावी. यासुईनेही हे शिक्षण मनापासून घेतले. तैलशाईने प्रतिमा उठवण्याच्या ब्रोमऑइल प्रक्रियेवर त्याची इतकी हुकमत होती की विशीतच क्लबातील जुनीजाणती मंडळी त्याला मानू लागली. मात्र माकडाच्या खेळाचे ते चित्र याच जुन्या तंत्राच्या काळातले आहे, हे विसरू नये. हाताला जुने वळण असतानाच त्याच्या डोळ्याने नवी वाट धरली होती.

१९३० मध्ये ओसाकाच्या शिन्साइबाशी भागातील ‘तांपेइ हाऊस’ या इमारतीत ‘तांपेइ छायाचित्र क्लब’ सुरू झाला. ही इमारत एका औषध कंपनीची होती आणि तिच्यात चित्रकार आकामात्सु रिन्साकु यांची चित्रशाळाही भरत असे, त्यामुळे चित्रकार आणि छायाचित्रकार यांची जिन्यात रोज गाठ पडायची. उएदा बिझान आणि यासुई हे या क्लबचे आधारस्तंभ होते. त्याच वर्षी शेजारच्या आशिया (Ashiya) या गावी नाकायामा इवाता यांच्या पुढाकाराने दुसरा क्लब निघाला. नाकायामा न्यू यॉर्क आणि पॅरिस पाहून आलेले व्यावसायिक होते. यासुई हौशी होता आणि मरेपर्यंत हौशीच राहिला.

दुसऱ्या वर्षी, म्हणजे १९३१ मध्ये, स्टुटगार्टच्या १९२९ च्या ‘फिल्म उंड फोटो’ या विख्यात प्रदर्शनातील छायाचित्र विभाग जपानमध्ये आला आणि तोक्योपाठोपाठ ओसाकातही दाखवला गेला. प्रयोगशील हंगेरियन कलावंत मोहोली-नॉज यांच्यासारख्यांची कामे मूळ स्वरूपात पाहून तरुण मंडळी हादरली. कॅमेऱ्याने चित्रकलेची नक्कल कशाला करायची, भिंग आणि प्रकाश यांना स्वतःची भाषा आहे, हा विचार ‘नवे छायाचित्रण’ या नावाने फोफावला. १९३२–३३ मध्ये निघालेल्या ‘कोगा’ या मासिकात समीक्षक इना नोबुओ यांनी ‘छायाचित्राकडे परत चला’ अशी हाक दिली. मासिकाचे अवघे अठरा अंक निघाले, पण आजही त्या काळाचा इतिहास त्या अठरा अंकांना वळसा घालून लिहिता येत नाही.

यासुईने या वाऱ्यात काय केले ते पाहण्यासारखे आहे. १९३१ च्या मे दिनाच्या मोर्चात तो कॅमेरा घेऊन गेला. मे दिन जपानमध्ये १९२० पासून पाळला जात होता आणि १९३६ पासून त्यावर बंदी आली, म्हणजे सार्वजनिक निषेधाची ही शेवटची काही वर्षे होती. कागदाच्या पेढीचा मालक कामगारांच्या गर्दीत काय करत होता, असा प्रश्न कोणी विचारील. त्याच्या चित्रांत निशाणे आहेत, गाणारी तोंडे आहेत, पोलिसांची धरपकड आहे. परंतु मोर्चाच्या बाजूची घोषणा त्यात नाही आणि विरोधाचीही नाही. त्यातल्या एका चेहऱ्यावर मात्र तो अडला. काळोख्या खोलीत एकाहून अधिक निगेटिव्ह एकमेकांवर आणून त्याने त्या चेहऱ्याचे ‘टक लावून पाहणे’ हे चित्र घडवले. जवळून घेतलेले कामगाराचे तोंड, त्यावर आलेल्या दुसऱ्या प्रतिमेच्या रेषा आणि त्यातून आपल्यावर रोखलेले डोळे. सहा वर्षांपूर्वी बघे माकडाकडे बघत होते. आता बघणारा माणूस एकटा आहे आणि तो आपल्याकडे बघतो आहे.

याच सुमारास त्याने स्वतःची अशी एक पद्धत विकसित केली, तिला ‘अर्धे स्थिरचित्र’ असे नाव आहे. बाहेर हिंडताना सापडलेल्या वस्तू तो त्याच जागी थोड्या हलवून, मांडून, मग टिपायचा. ‘कुऱ्हाड आणि विळा’ हे १९३१ चे चित्र या जातीचे आहे. खोलीत मेज मांडून रचलेले स्थिरचित्र त्याला नको होते आणि जसे सापडले तसेच टिपायचे हा हट्टही नको होता. जगाने अर्धे द्यावे आणि छायाचित्रकाराने अर्धे घालावे, असा हा भागीदारीचा व्यवहार होता. व्यापाऱ्याच्या मुलाला तो सुचावा यात मला गंमत वाटते.

१९३७ नंतर ‘आवांगार्द’ (रूढ वाट सोडून आघाडीवर राहणारी प्रयोगशील कला) हा शब्द ओसाका, नागोया, फुकुओका, तोक्यो इथल्या क्लबांमध्ये उघडपणे वापरला जाऊ लागला. यासुईलाही मी आवांगार्दच मानतो. त्याने लोहचुंबकाभोवती लोखंडाचा कीस पसरून, कॅमेऱ्याशिवाय थेट कागदावर ‘चुंबकशक्तीची मुद्रा’ ही मालिका १९३९ मध्ये केली. पण त्याच हाताने तो ओसाका परिसरातील कोरियन वस्तीत जाऊन माणसांची साधी, सरळ छायाचित्रे काढत होता, आणि १९४० मध्ये यामाने सर्कशीच्या तंबूभोवती घुटमळत होता. ‘घोडा आणि मुलगी’, ‘सर्कशीतली स्त्री’ ही चित्रे तिथली. कसरती दाखवण्यात त्याला रस नव्हता. जिच्याकडे रोज शेकडो लोक बघतात ती व्यक्ती कोणी बघत नसताना कशी दिसते, हे त्याला पाहायचे होते.

मार्च १९४१ मध्ये तांपेइ क्लबचे सहा सभासद कोबे शहरात गेले. लिथुआनियातील कौनास येथे जपानी उपवाणिज्यदूत सुगिहारा चिउने यांनी १९४० च्या उन्हाळ्यात दिलेल्या दोन हजारांहून अधिक प्रवासपरवान्यांच्या आधारे ज्यू निर्वासित सैबेरिया ओलांडून व्लादिवोस्तोकला, तिथून बोटीने त्सुरुगाला आणि पुढे कोबेला पोहोचत होते. पुढच्या देशाची परवानगी मिळेपर्यंत त्यांना तिथेच थांबायचे होते. या सहाजणांनी मिळून केलेली ‘परागंदा ज्यू’ ही मालिका त्याच वर्षी क्लबच्या प्रदर्शनात मांडली गेली. त्यातले यासुईचे ‘खिडकी’ हे चित्र सर्वांत गाजलेले आहे : काचेआड एक माणूस, बाहेर लागलेली नजर. तो कशाकडे बघतो आहे ते चौकटीत नाही.

मूत्रपिंडाच्या विकाराने यासुई १५ मार्च १९४२ रोजी वारला. वय वर्षे ३८. त्याच वर्षी त्याच्या निवडक छायाचित्रांचा स्मृतिसंग्रह निघाला. त्यानंतर युद्ध, बाँबफेक, आणि पुष्कळ वर्षांची विस्मृती.

डार्करूम आजोबा

लेख आवडला, वाचनखूण साठवली आहे. ब्रोमऑइलचा उल्लेख एका वाक्यात उरकला गेला, म्हणून थोडी भर घालतो, कारण ही प्रक्रिया समजल्याशिवाय यासुईच्या पहिल्या दहा वर्षांची किंमत कळणार नाही.

आधी नेहमीप्रमाणे ब्रोमाइड कागदावर प्रतिमा छापायची. मग पोटॅशियम बायक्रोमेट, मोरचूद आणि पोटॅशियम ब्रोमाइड यांच्या द्रावणात ती बुडवायची. त्यात चांदीची काळी प्रतिमा विरते, आणि जिथे जितकी चांदी होती तिथला जिलेटिनचा थर तितका कडक होतो. नंतर कागद पाण्यात भिजवला की न कडकलेला भाग पाणी पिऊन फुगतो आणि कडक भाग कोरडाच राहतो. तेल आणि पाणी यांचे वैर सर्वांना ठाऊक आहे. घट्ट तैलशाई तिरप्या कापलेल्या ब्रशाने हलकेच ठोकत गेले की ती कडक भागात, म्हणजे मूळच्या सावल्यांत, धरते आणि फुगलेल्या भागावरून निसटते. अशा रीतीने नाहीशी झालेली प्रतिमा शाईतून पुन्हा वर येते. कुठे किती शाई द्यायची, कुठला तपशील बुडवायचा, कुठला उजळ ठेवायचा हे सगळे हातात. एका प्रतीला दोनतीन तास सहज जातात आणि दुसरी प्रत पहिलीसारखी कधीच निघत नाही.

चाळीस वर्षांपूर्वी मी स्वतः हा खटाटोप करून पाहिला आहे. बारा कागद फुकट गेल्यावर तेराव्यावर माझ्या आजीचा चेहरा आला, आणि तोही डाव्या गालाशिवाय. तेव्हा विशीतल्या मुलाने गर्दीतले अनेक चेहरे या पद्धतीने सांभाळणे म्हणजे काय, याची मला कल्पना आहे. म्हणूनच धाग्यातील ‘हाताला जुने वळण आणि डोळ्याला नवी वाट’ ही विभागणी मला पुरती पटत नाही. कुठला चेहरा उचलायचा आणि कुठला गर्दीत बुडू द्यायचा हा निर्णय ब्रशाच्या टोकाशी होत होता. पुढे ‘टक लावून पाहणे’मध्ये निगेटिव्ह एकमेकांवर आणताना हेच शिक्षण कामी आले असणार. प्रतिमा ही टिपून संपत नाही, ती नंतर घडवावी लागते, हे त्याला ब्रोमऑइलने शिकवले होते.

तिरपा डोळा

माहिती उत्तम आहे, पण मुख्य मुद्द्यावर मतभेद नोंदवतो. यासुईला आवांगार्द म्हणणे मला सैल वाटते. ज्याने कलात्मक छायाचित्रण केले, मग नवे छायाचित्रण केले, मग मोर्चे टिपले, मग चुंबक टिपले आणि शेवटी पुन्हा माणसांच्या साध्या प्रतिमांकडे वळला, त्याला प्रत्येक नव्या वाऱ्याबरोबर शीड फिरवणारा गुणी कलावंत म्हणता येईल. आवांगार्द म्हणजे आघाडीवरची तुकडी. तिथे उभे राहायचे तर गोळी झेलण्याची तयारी लागते.

त्याच ओसाकात, त्याच नानिवा क्लबात कोइशी कियोशी यांनी १९३३ मध्ये दहा छायाचित्रांचा ‘आरंभग्रीष्माचे मज्जातंतू’ हा संग्रह जस्ताच्या पत्र्याच्या वेष्टनात काढला. पुस्तक हातात धरले की धातूचा गारवा लागावा अशी ती वस्तू होती. नागोयाच्या यामामोतो कान्सुके यांनी १९३८ मध्ये ‘रात्रीचे कारंजे’ हे अतिवास्तववादी (स्वप्नासारख्या, तर्काबाहेरच्या प्रतिमांचे) नियतकालिक सुरू केले. गुप्त पोलिसांनी त्यांना चौकशीला बोलावले आणि दुसऱ्याच वर्षी नियतकालिक बंद पडले. त्यावर यामामोतोंनी काय केले? १९४० मध्ये पक्ष्याच्या पिंजऱ्यात टेलिफोनचा रिसीव्हर ठेवून छायाचित्र काढले. बोलण्याचे साधन गजांआड! याला मी आवांगार्द म्हणतो. यासुईवर अशी वेळ कधी आली?

चंदेरी क्षार

आजोबा, तुमची दुरुस्ती मान्य. ब्रशाच्या टोकाशी होणारा निर्णय हा शब्दप्रयोग मी पुढे वापरणार आहे, आधीच कळवून ठेवतो.

तिरपा डोळा यांस : यामामोतोंच्या धैर्याबद्दल दुमत नाही. त्या पिंजऱ्याच्या चित्राला तोड नाही आणि ते ज्या वर्षी काढले गेले ते पाहता अंगावर काटा येतो. परंतु पोलिसांनी दार ठोठावले की नाही, या एका कसोटीवर कलेतील आघाडी ठरवायची असेल, तर कलेचा इतिहास पोलीस ठाण्याच्या नोंदवहीवरून लिहावा लागेल.

त्या काळात ‘आवांगार्द छायाचित्रण म्हणजे काय’ यावर जपानी मंडळींचे आपसातच मोठे वाद झाले. कवी आणि समीक्षक ताकिगुची शूझो हे १९३८ मध्ये तोक्योत स्थापन झालेल्या आवांगार्द छायाचित्र संघाचे वैचारिक नेते होते. अतिवास्तव हाती लागण्यासाठी निगेटिव्हवर निगेटिव्ह चढवण्याची गरज नाही, रोजच्या वास्तवाच्या घडीत दडलेले जे आहे ते उलगडणे हेच छायाचित्राचे काम आहे, असा विचार त्यांनी त्या वर्षांत मांडला. या कसोटीवर पिंजरा आणि टेलिफोन ही थोडी सांगून टाकणारी प्रतिमा ठरते, आणि काचेआडून बाहेर बघणारा माणूस अधिक अस्वस्थ करतो. (ताकिगुचींना स्वतःला १९४१ मध्ये अटक झाली आणि कित्येक महिने कोठडीत काढावे लागले, तेव्हा तुमच्या कसोटीवरही ते उतरतात.)

शीड फिरवण्याबद्दल. यासुई छायाचित्रांवर पोट भरत नव्हता. मासिकाला, जाहिरातदाराला किंवा सरकारी प्रचारखात्याला ठराविक माल पुरवण्याचे बंधन त्याच्यावर नव्हते, आणि कुठल्या जाहीरनाम्यावर त्याची सहीही नव्हती. कोइशी आणि यामामोतो यांची कामे पाहताच ओळखू येतात, कारण त्यांनी एक भाषा निवडून ती कमावली. यासुईने प्रत्येक विषयाला ‘तुझी भाषा कोणती’ असे विचारले. चुंबकाला जे तंत्र साजते ते निर्वासिताला साजत नाही. याला तुम्ही अस्थिरपणा म्हणा; मी त्याला हौशी माणसाचे स्वातंत्र्य म्हणतो, आणि दुकान त्याचा खर्च भागवत होते हेही कबूल करतो. गरीब घरातल्या मुलाला हे स्वातंत्र्य परवडले नसते.

तिरपा डोळा

शेवटच्या वाक्यासाठी धन्यवाद. माझा अर्धा आक्षेप त्यातच होता. उरलेला अर्धा कायम ठेवतो. बाकी ‘आवांगार्द’ हा शब्दच १९३९ मध्ये नकोसा झाला आणि तोक्योच्या त्या संघाने नाव बदलून ‘छायाचित्र रचना अभ्यासमंडळ’ असे निरुपद्रवी नाव घेतले, याचीही नोंद धाग्यात असावी. चीनशी युद्ध पेटल्यावर परकीय आणि डाव्या वळणाचा वाटणारा प्रत्येक शब्द धोक्याचा झाला होता.

नागोयाकर

नोकरीनिमित्त सहा वर्षे नागोयात राहतो, त्यामुळे यामामोतोंचे नाव निघाल्यावर गप्प बसवत नाही. त्यांचे वडील गोरो यांचे नागोयात छायाचित्रणाच्या साहित्याचे दुकान होते आणि ते स्वतः ‘आइयू छायाचित्र क्लब’ या जुन्या वळणाच्या क्लबच्या संस्थापकांपैकी होते. म्हणजे ओसाकात कागदाचे दुकान आणि नागोयात कॅमेऱ्याचे दुकान. दोघांच्याही बंडखोरीला घरच्या गल्ल्याचा आधार होता, हे तिरपा डोळा यांनी लक्षात घ्यावे.

२०२३ मध्ये यासुईच्या जन्माला १२० वर्षे झाली, त्यानिमित्त मोठे प्रदर्शन भरले. ते आधी इथल्या आइची प्रांताच्या कलासंग्रहालयात, मग कोबेच्या ह्योगो संग्रहालयात आणि २०२४ च्या वसंतात तोक्यो स्थानकाच्या कलादालनात गेले. युद्धाच्या आगीतून वाचलेल्या सुमारे १४० मूळ प्रती आणि जुन्या निगेटिव्ह व संपर्कप्रतींचा (निगेटिव्ह थेट कागदावर ठेवून काढलेल्या छापांचा) अभ्यास करून नव्याने छापलेल्या सुमारे ६० प्रती त्यात होत्या. मी दोन वेळा गेलो. पडद्यावर पाहिलेल्या प्रतिमेवरून मनाशी जो आकार धरलेला असतो तो अशा ठिकाणी पार मोडतो. पुष्कळ प्रती लहान आहेत. समोर उभे राहून मान पुढे काढावी लागते आणि मग मागच्या माणसाला दिसत नाही. माझ्यामागे एक वृद्ध बाई शांतपणे वाट पाहत उभ्या होत्या. मी बाजूला झालो आणि नंतर बराच वेळ चित्रांपेक्षा त्यांच्याकडेच बघत राहिलो. धाग्याचे शीर्षक वाचून ते आठवले.

आणखी एक निरीक्षण. एकाच निगेटिव्हच्या वेगवेगळ्या छाटण्या शेजारी पाहायला मिळाल्या की कळते, हा माणूस कापायला किती निर्दय होता. रस्ता, आकाश, शेजारची माणसे, सगळे उडवून तो जे हवे त्याच्यापाशी पोहोचतो. कागदाच्या व्यापाऱ्याला कागद कापण्याचे काय भय, असा विनोद मनात येऊन गेला.

पैलतीर

मला ‘परागंदा ज्यू’ या मालिकेबद्दल विचारायचे आहे. सहा सुखवस्तू हौशी गृहस्थ सुटीच्या दिवशी आगगाडीत बसून शेजारच्या शहरात जातात, घरदार गमावलेल्या माणसांची छायाचित्रे काढतात आणि आपल्या क्लबच्या प्रदर्शनात भिंतीवर टांगतात. हे कोणी आज केले असते तर आपण या मंचावर त्यांची सालटी काढली असती. जपान तेव्हा जर्मनीचा करारबद्ध मित्र होता. सप्टेंबर १९४० मध्ये त्रिपक्षीय करार झाला होता. मग या चित्रांकडे करुणा म्हणून पाहायचे, कुतूहल म्हणून की धाडस म्हणून?

डार्करूम आजोबा

पैलतीर, यात कुतूहल होते, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. छायाचित्रकाराचे पहिले पाऊल कुतूहलानेच पडते. तो पुढे काय करतो यावर बाकीचे ठरते. माझ्या मते धाडस हा शब्द इथे जड होईल, कारण ते निर्वासित कोबेत उघडपणे राहत होते, तिथल्या ज्यू मंडळाने त्यांची व्यवस्था लावली होती आणि त्यांना भेटणे हा गुन्हा नव्हता. मात्र विषयाची निवड बोलकी आहे. १९४० मध्ये चैनीच्या वस्तूंवर निर्बंध आले, फिल्म आणि कागद दुर्मीळ झाले, छायाचित्रणाची मासिके एकमेकांत विलीन करण्यात आली. प्रत्येक फिल्म राष्ट्रकार्यासाठी खर्चावी, असे वातावरण असताना या सहाजणांनी आपली फिल्म देश नसलेल्या माणसांवर खर्च केली.

चंदेरी क्षार

आजोबांच्या उत्तराशी बराचसा सहमत आहे. पैलतीर यांचा प्रश्न टोचणारा आहे आणि तो टोचत राहावा. सर्कशीच्या चित्रांपाशी मी ‘जिच्याकडे शेकडो लोक बघतात ती व्यक्ती’ असे लिहिले होते. निर्वासितही कोबेच्या रस्त्यावर बघ्यांचा विषयच झाले असणार, आणि छायाचित्रकार त्या बघ्यांपैकी सहाजण. यासुईच्या बाजूने एवढेच सांगता येते की आपण बघे आहोत हे तो पहिल्यापासून जाणून होता. ‘खिडकी’मध्ये त्याने त्या माणसाचे दैन्य दाखवणारे सामानसुमान, रांगा, फाटके कपडे असे काही आणलेले नाही. दोघांच्या मध्ये काच राहू दिली आहे. तो आत, आपण बाहेर, आणि बाहेरच्या माणसापाशी आतल्याला देण्यासारखे काही नाही.

युद्धोत्तर काळात वास्तवदर्शी छायाचित्रणाचे अध्वर्यू दोमोन केन यांनी यासुईची थोरवी मानली, आणि त्यांच्या अगदी उलट प्रकृतीचे मोरियामा दाइदो हेही त्याचे चाहते. एका बाजूला काटेकोर वास्तव आणि दुसऱ्या बाजूला खरखरीत, हललेले, तिरपे जग. या दोघांना एकच पूर्वज आपला वाटावा, हे तिरपा डोळा यांच्या उरलेल्या अर्ध्या आक्षेपासाठी ठेवतो.

त्या सहाजणांबद्दल एक तपशील लेखात द्यायचा राहिला. त्यांच्यात शिइहारा ओसामु हे चित्रकलेचे शिक्षण घेतलेले प्रयोगशील छायाचित्रकार होते, आणि ताकाराझुका येथे राहणारे तेझुका युताका नावाचे एक नोकरदार गृहस्थही होते. या तेझुकांच्या घरी तेव्हा बारा वर्षांचा, चित्रे काढण्याचे वेड असलेला मुलगा होता. ओसामु तेझुका म्हणून पुढे सारे जग ज्यांना ओळखू लागले ते जपानी चित्रकथांचे पितामह म्हणजे हाच मुलगा. वडील कोबेला जाऊन आल्यानंतर चाळीसेक वर्षांनी ओसामुंनी एक प्रदीर्घ चित्रकथा लिहिली. तिचा मोठा भाग युद्धकाळातल्या कोबेत घडतो आणि तिच्या नायकांपैकी एक त्या शहरात वाढलेला ज्यू मुलगा आहे.